दोनदा टकटक, भोंगा बंद

मी दारव्हा सोडलं ते भोंग्यावरून जाहीर होऊन. गुपचूप निघावं, यवतमाळहून पुण्याची ट्रॅव्हल्स धरावी आणि पडदा ओढून काय रडायचं ते रडून घ्यावं, असा माझा साधा बेत होता. इस्माईलभाईनं त्यावर पाणी ओतलं. बाजाराचा दिवस होता. त्यानं माझी बॅग आमच्या जाहिरातीच्या जीपमध्ये टाकली, मला मागच्या सीटवर कोंबलं आणि एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात माईक घेऊन भर बाजारातून सुरू झाला.

"ऐका हो ऐका! आपला मधुभाऊ आज पुण्याले चालला! ज्याले भेटाचं असन त्यानं आत्ताच भेटून घ्या, मंग तो मोठा मानूस होईन आन् वळख देनार नाही!"

मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बायका हसायला लागल्या. एकीनं ओरडून विचारलं, "तिकडं काय काम भेटलं गा?"

"बोलाचं!" इस्माईलभाई भोंग्यावरून म्हणाला.

"बोलाचं? मंग इथं काय मुका होता काय?"

मी लाजून अर्धा झालो होतो आणि खरं सांगायचं तर आतून फुलून दुप्पटही झालो होतो. तेवढ्यात गाडी जुन्या हेडमास्तरांच्या गल्लीत वळली. मास्तर बरेच दिवस अंथरुणाला खिळले होते. मी सवयीनं जीपच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं. इस्माईलभाईचं वाक्य "आपला मधुभाऊ तिथं जाऊन" इथवर आलं होतं. तिथेच त्यानं सीटखालचं बटन दाबलं. गल्लीभर नुसता इंजिनाचा आवाज. मास्तरांचं दार गेलं, गल्ली संपली, बटन चालू झालं आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं गेलं: "दारव्ह्याचं नाव काढन!"

हा नियम माझ्या बाबांचा. भोंग्याचा धंदा त्यांनीच सुरू केला. साडीचा सेल, बियाण्याची नवी थैली, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, कळंबच्या चिंतामणीच्या जत्रेची जादा गाडी, जे येईल ते ते गावाला ऐकवायचे. मला पहिल्यांदा माईक दिला तेव्हा म्हणाले होते, "मैताचं घर आलं, आजाऱ्याचं घर आलं, अजान सुरू झाली, का बटन बंद. जाहिरात देनारा मालक कितीबी मोठा असो." बोलायचं कसं ते त्यांनी कधी शिकवलं नाही. गप्प कुठे बसायचं तेवढं शिकवलं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळा जीव तिच्यात अडकणार आहे. गावात कुणी गेलं की तेही आम्हीच सांगायचो. कुणाचं निधन झालं, अंत्ययात्रा कुठून निघेल, मय्यत किती वाजता उठेल. त्यासाठी माझा एक वेगळा आवाज होता, खालचा, सावकाश. तो ऐकला की दारव्ह्यात लोक हातातलं काम ठेवून बाहेर यायचे. त्या आवाजात मी कधी खोटं बोललो नाही.

म्हणजे एकदाच बोललो, तेही कॅमेऱ्यासमोर. इस्माईलभाई मूळचा मिस्त्री, जीप त्याचीच. आम्ही दोघं गंमत म्हणून मोबाईलवर व्हिडिओ करायचो. एकात एक गिऱ्हाईक "गाडी कधी देतो?" म्हणून सारखं फोन करतं, तर इस्माईलभाई जीपखाली आडवा होतो आणि मला म्हणतो, "सांग त्याले, मेला म्हना." मग मी माईक उचलतो आणि त्या खालच्या, सावकाश आवाजात सांगतो, "दारव्ह्याचे सुप्रसिद्ध मिस्त्री इस्माईलभाई यांचं आज दुःखद निधन झालं आहे." शेवटी इस्माईलभाई जीपखालून डोकं काढतो: "चहा आला काय बे?"

एवढंच. पण तो व्हिडिओ पुसदपासून पुण्यापर्यंत गेला आणि पुण्याच्या एका सोशल मीडिया कंपनीनं मला बोलावून घेतलं. पन्नाशीच्या माणसाला नोकरी! हुद्दा असा लांबलचक की तो सांगेपर्यंत समोरच्याचा चहा निवतो. इस्माईलभाईलाही बोलावलं होतं. तो म्हणाला, "मले तिकडचं पानी मानवत नाही." पुण्याला तो एकदाही गेला नव्हता.

*

पुण्यात माझं अर्धं काम म्हणजे कार्यक्रमांना जाणं. गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता म्हणून सांगतो, हे पॅनेल आणि नेटवर्किंग म्हणजे काय असतं. गळ्यात नावाचा पट्टा घालतात. लोक तुमच्या तोंडाकडे न पाहता छातीकडे पाहतात, नाव वाचतात आणि मग ठरवतात हसायचं की नाही. एकमेकांचे मोबाईल एकमेकांना दाखवले की ओळख झाली. जेवायला पंगत नसते. उंच टेबलं असतात, त्यांना खुर्च्या नसतात.

पहिल्या कार्यक्रमात मी आपल्याकडच्या लग्नात वागतो तसाच वागलो. पाहुणे उभ्यानं खातायत, कुणी आग्रह करत नाही, हे मला बघवेना. मी गुलाबजामचं भांडं उचललं आणि फिरायला लागलो. "घ्या हो, एक तरी घ्याच." लोकांनी आनंदानं घेतले. मग एका मोठ्या ब्रँडच्या बाईंनी मला थांबवून टिश्यू पेपर मागितले. मी तेही आणून दिले. पुढच्या सत्रात त्याच बाईंशेजारी मी मंचावर बसलो तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मी कुणालाही पहिला प्रश्न "कोणत्या गावचे?" हा विचारतो. लोक गोंधळतात. एक मुलगा म्हणाला, "बेसिकली बाणेर." मी म्हणालो, "नाही, त्याच्या आधी?" तो बराच वेळ विचार करत होता. मला त्याची दयाही आली आणि थोडी माझीही.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि मग इस्माईलभाईच्या छातीत कळ आली.

नागपूरच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली. ऑपरेशनचा दिवस नेमका तो निघाला ज्या दिवशी आमच्या कंपनीचं वर्षातलं सगळ्यात मोठं पॅनेल होतं. 'प्रादेशिक आवाजाची ताकद' असा विषय, आणि तो प्रादेशिक आवाज म्हणजे मी. मी फोनवर म्हणालो, पॅनेल गेलं खड्ड्यात, मी नागपूरला येतो.

"कायले?" इस्माईलभाई म्हणाला. "तुले चिरता येते काय? डॉक्टर माह्यी छाती उघडन, तू तिकडं तोंड उघड. अम्मी आन् नाजनीन लाइव्ह पाहतीन, तेवढाच त्याइचा वेळ जाईन. आन् आयक, अम्मीले फक्त तपासनी हाय म्हनून सांगतलं हाय. तिच्यासमोर काही बकू नको."

नाजनीन म्हणजे त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी. अम्मी म्हणजे त्याची आई, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना दिसत जवळपास नाही, पण कान असे की गल्लीच्या टोकाला कुणाची मोटारसायकल आली ते इंजिनावरून सांगतील. लहानपणी त्यांच्या हातच्या शेवया मी घरच्यापेक्षा जास्त खाल्ल्या आहेत.

*

पॅनेलच्या दिवशी सकाळी मी हॉटेलच्या हॉलमध्ये पोचलो. नागपूरला इस्माईलभाईला आत नेलं होतं. नाजनीनचा मेसेज होता: "काका, अब्बूंना नेलं. आम्ही बाहेर बसलोय. अम्मीजान तुमच्या लाइव्हची वाट बघत आहेत." मी खिशावर हात ठेवून देवाचं नाव घेत होतो आणि समोर मंचावर आवाजाची चाचणी चालली होती. पडदा उजळला. जीपखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले. मग माझाच आवाज हॉलभर घुमला, खालचा, सावकाश. "दारव्ह्याचे सुप्रसिद्ध मिस्त्री इस्माईलभाई यांचं आज..."

ही नुसती चाचणी होती, पण थोड्या वेळानं हेच लाइव्ह जाणार होतं.

अम्मीला पडदा दिसणार नव्हता. नाजनीननं फोन त्यांच्या कानाशी धरलेला असणार. दवाखान्यात, मुलाला आत नेलेलं असताना, ज्या आवाजानं आयुष्यभर गावातली प्रत्येक मय्यत सांगितली तोच आवाज त्यांना त्यांच्या मुलाचं नाव घेऊन सांगणार होता. मागाहून नाजनीन कितीही म्हणाली की हा जुना गमतीचा व्हिडिओ आहे, तरी तो एक क्षण त्या म्हाताऱ्या जिवाला पुरला असता.

मी नाजनीनला फोन लावला. लागला, पण तिनं उचलला नाही. नातेवाइकांचे सारखे फोन आणि मेसेज येतात म्हणून तिनं आवाज आणि सूचना दोन्ही बंद करून ठेवल्या होत्या. मेसेज टाकला, पुन्हा टाकला. कुणी वाचला नाही. भाभींचा, म्हणजे इस्माईलभाईच्या बायकोचा, फोन त्याच्या कपड्यांबरोबर पिशवीत गेला होता.

मग मी आमच्या मॅडमना गाठलं. आमच्या मॅडम म्हणजे माझ्या भाचीएवढी मुलगी, हुशार, मनानं चांगली, पण त्या दिवशी तिच्या एका कानात फोन होता आणि दुसऱ्या कानाला स्पॉन्सर लटकला होता.

"मॅडम, तो व्हिडिओ काढा. ज्याच्यावर आहे त्याचं ऑपरेशन चालू आहे आत्ता."

"अरे बापरे, दादा! काळजी घ्या त्यांची. पण तो आपला बेस्ट पीस आहे ना? स्पॉन्सर तेवढ्यासाठीच आलेत. बघते मी."

पुण्यात राहून मला एक गोष्ट कळली आहे. "बघते" म्हणजे नाही.

मी सूत्रसंचालकाकडे गेलो. सुटाबुटातला गोड माणूस. त्याला सगळं सांगितलं. त्यानं डोळे मोठे केले आणि माझा दंड धरला. "काय स्टोरी आहे सर! हे स्टेजवर सांगा ना!"

तेच तर करता येत नव्हतं. मंचावरून मी "माझ्या मित्राचं ऑपरेशन चालू आहे" म्हणालो असतो तर ते अम्मीनं ऐकलं असतं. "नाजनीन, फोन बंद कर" म्हणालो असतो तरी अम्मीनं विचारलं असतंच, काहेको? आयुष्यभर बोलून पोट भरलं आणि त्या दिवशी माझ्या हातात माईक असून मला एक वाक्य बोलायची सोय नव्हती.

पॅनेल सुरू झालं. आम्ही चौघं खुर्च्यांवर. बाजूच्या छोट्या पडद्यावर लाइव्ह बघणाऱ्यांच्या कमेंट वर सरकत होत्या. अर्धं दारव्हा तिथे बसलं होतं. "मधुभाऊ, पोट सुटलं तुमचं." "शर्ट कोनाचा घातला बे?" आणि मधेच नाजनीनची ओळ आली: "अम्मीजान ऐकत आहेत, काका. खूप खूश आहेत."

मी ठरवलं, आता एकच उपाय. बोलत सुटायचं. व्हिडिओला वेळच उरू द्यायचा नाही.

मंडळी, त्या दिवशी मी जो बोललो तसा जन्मात बोललो नव्हतो. सूत्रसंचालकानं मला विचारलं, ग्रामीण प्रेक्षक काय बघतो? मी त्याला दारव्ह्याच्या बाजारातून नेलं, सोयाबीनच्या ढिगावरून चालवलं, जीपमध्ये अकरावा माणूस कसा बसवतात ते बसून दाखवलं. त्यानं शेजारच्या बाईंना प्रश्न विचारला, उत्तर मी दिलं. तिसऱ्याला विचारला, त्याचंही मीच दिलं. हॉल हसत होता, टाळ्या वाजवत होता. पहिल्या रांगेतली मुलगी वेळ संपत आल्याची पाटी वर करत होती. मी त्या पाटीवरही विनोद केला. तोंड हसत होतं आणि डोळे सारखे पडद्याकडे जात होते.

पण शेवटी वाक्यामध्ये श्वास घ्यावाच लागतो. मी श्वास घेतला आणि त्या गोड माणसानं ती फट साधली. "सर, तुम्हाला थांबवणं अवघड आहे! पण ज्या व्हिडिओनं सगळं सुरू झालं तो बघूया." त्यानं हातातलं बटन दाबलं.

पडद्यावर दोन पाय आले.

मी कधी उठलो ते मला आठवत नाही. बोलायच्या उंच टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्यातून एक काळी वायर आवाजाच्या यंत्राकडे गेली होती. पडद्यावर इस्माईलभाई म्हणाला, "सांग त्याले, मेला..." माझ्या डाव्या हातात माईक होता. उजव्या हाताच्या पेरांनी मी त्या लाकडी टेबलावर दोनदा टकटक केलं. का केलं, सांगता येणार नाही. पुढच्या सीटवर इस्माईलभाई बसला आहे आणि तो बटन दाबेल, असं हाताला वाटलं असावं. मग आठवलं, तो कुठे आहे ते. मी वायर धरली आणि ओढली.

सगळं शांत झालं.

पडद्यावर मी माईक उचलला, माझे ओठ हलले. आवाज नाही. मी माईक खाली करून, मान खाली घालून तिथेच उभा राहिलो. गाडी दारावरून जात असताना बोलायचं नसतं. हॉलमध्ये कुणी खोकलं. सूत्रसंचालकाचं हसू तसंच चिकटून राहिलं होतं. इस्माईलभाई जीपखालून डोकं काढून मुकाट्यानं चहा मागू लागला तेव्हा कुणीतरी हसलं, मग सगळे हसले आणि उभं राहून टाळ्या वाजवायला लागले.

खाली उतरल्यावर स्पॉन्सरनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "आवाजाशिवाय! काय धाडस आहे! आपण अशीच सिरीज करू." मॅडमच्या चेहऱ्यावर राग आणि आनंद एकमेकांना ढकलत होते. मी "हो हो" म्हणत गर्दीतून वाट काढली आणि बाहेरच्या व्हरांड्यात आलो. आतून ताटांचा आवाज येत होता. मी फोन लावत होतो, तो कुणी उचलत नव्हतं. माझ्यामुळे काही झालं का? वायर ओढायला उशीर झाला का? "सांग त्याले, मेला" एवढं तर गेलंच होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. फोन आला तो भाभींचा.

"भाऊ, झालं. चांगलं झालं. डॉक्टर येऊन सांगून गेले."

मी तिथल्या कुंडीच्या कठड्यावर बसून घेतलं. मग विचारलं, "अम्मी?"

भाभी म्हणाल्या, "अम्मीले समजलं ना, भाऊ. तुमची टकटक आयकली त्याइनं. आवाज बंद झाला तं मले म्हने, मधू अपने दरवाजे से जा रहा. मेरे बेटे को क्या हुआ, अब सच बोल. मंग मी काय लपवनार? सांगून देल्लं सगळं. वाटलं आता रडतीन. रडल्या नाही. म्हने, भोंगा बंद किया ना उसने, मतलब अभी जिंदा है. नहीं तो वो बोलता. मंग तसबीह काढली आन् मनी फिरवत बसल्या, तं डॉक्टर येईलोक उठल्याच नाही."

आत हॉलमध्ये शेकडो माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एकालाही माहीत नव्हतं की आपण त्या कशासाठी वाजवल्या.

*

इस्माईलभाई घरी आला तेव्हा मी दारव्ह्याला गेलो. त्यानं पडल्या पडल्या जीपची किल्ली माझ्याकडे फेकली. "उभी राहून राहून बॅटरी उतरन तिची. बाजार हाय आज. फिरवून आन." शेजारचा एक मिस्त्री स्टेअरिंगला बसला, मी मागे. माईक हातात घेतला आणि कितीतरी महिन्यांनी घसा मोकळा केला.

पुण्याला मी परत गेलोच, अजून तिथेच आहे. पट्टा गळ्यात घालून उभ्यानं जेवतो, लोकांना गाव विचारतो. तिथे मला कुठेही, कितीही मोठ्यानं बोलता येतं. मधे कुणाचं दार येतं ते माहीतच नसतं.

त्या दिवशी मात्र गाडी बाजारातून निघून इस्माईलभाईच्या गल्लीत वळली. मी पत्र्यावर दोनदा टकटक केलं. मिस्त्रीनं बटन दाबलं. गाडी हळूहळू दाराशी आली. ओट्यावर अम्मी बसल्या होत्या. त्यांनी इंजिनाच्या दिशेनं मान वळवली, काठी उचलली आणि हवेत हलवली.

"काहेको बंद किया रे मधू? घर में सब अच्छे हैं. चालू कर!"